शिडी घाटाने वर, गणेश घाटाने खाली
श्रीक्षेत्र भीमाशंकरच्या जुन्या पायवाटेची हकीकत

श्रीक्षेत्र भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असून ते पुणे जिल्ह्यात, खेड व आंबेगाव या तालुक्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन कण्यावर वसले आहे. मोटाररस्ता झाल्यापासून बहुतेक भाविक मंचर-घोडेगाव मार्गाने जातात व गाडीतून उतरून दोनशेहून अधिक पायऱ्या उतरले की देवाच्या दारात उभे राहतात. परंतु कोकणातील माणसाची भीमाशंकरची वाट ही नव्हे. त्याची वाट रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्याच्या खांडस गावातून निघते, समोरच्या भिंतीसारख्या कड्याला भिडते आणि पायीच वर जाते. महाशिवरात्रीला, श्रावणी सोमवारी कोकणपट्टीतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने गेली. पहाटे निघावे, शिडी घाटाने चढावे, दर्शन घ्यावे, गणेश घाटाने उतरावे आणि दिवेलागणीला पुन्हा खांडसला यावे, अशी ही एका दिवसाची फेरी आहे. चालणाराचे पाय चांगले असतील तर नऊ-दहा तासांत ती पुरी होते. मात्र या फेरीत केवळ देवदर्शन घडत नाही. उंच डोंगरावरचे एक जुने रान माणूस आरपार पाहून येतो, आणि त्या रानाचा इतिहास देवळाच्या इतिहासापेक्षा कमी नाही.

खांडस गाव मागे पडले की थोड्याच अंतरावर वाट फुटते. एक फाटा उजवीकडे गणेश घाटाकडे वळतो, दुसरा शिडी घाटाचा. गणेश घाट लांबचा पण सोपा. बायामाणसे, म्हातारीकोतारी, ओझेवाले त्या वाटेने जात. शिडी घाट जवळचा पण उभा. कड्याच्या नळीत जेथे पाय ठेवायला जागा नाही तेथे शिड्या लावलेल्या असतात, त्यावरून घाटाला नाव पडले. काही जागी शिडी संपली की पुढे हात रोवायला नुसती खोबण असते. जाणती माणसे नेहमी सांगत आली की शिडीने चढावे, पण शिडीने उतरू नये. त्यातही पावसाळ्यात तर नकोच, कारण ज्या नळीतून वाट जाते त्याच नळीतून पाणीही येते. हा सल्ला न मानल्यामुळे या घाटात अपघात झालेले आहेत. फेरी शिडीने वर व गणेशने खाली अशी ठरली ती या शहाणपणातून.

पायथ्याचे रान पानझडीचे आहे. साग, ऐन, खैर, पळस, मधून मधून मोहाचे झाड. फाल्गुनात येथे पाचोळ्याचा आवाज एवढा होतो की पुढच्या माणसाशी बोलायला थांबावे लागते. याच रानातील खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव पडले, असे सांगितले जाते. ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी हे या डोंगराचे खरे रहिवासी. पूर्वी उतारावर दळीची शेती होई. झाडाच्या फांद्या छाटून त्या जमिनीवर पसरायच्या, उन्हाळ्याअखेर जाळायच्या आणि त्या राखेत नागली, वरी पेरायची. दोन-चार वर्षांनी तो तुकडा सोडून दुसरा धरायचा, तोवर पहिल्यावर पुन्हा रान चढे. ही शेती रानाचा नाश करते, असे इंग्रजी अंमलदारांचे मत पडले. त्यात काही खरे होते, परंतु सगळे खरे नव्हते. इ. स. १८५६ साली आगगाडी नेरळ ओलांडून खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला झाला. रुळांखाली घालायला लाकूड लागले, मुंबईच्या चुलींना कोळसा लागला. १८६५ व १८७८ या सालांचे जंगलचे कायदे झाले, राखीव रानाच्या हद्दी पडल्या. ज्याने राखेत मूठभर वरी पेरली तो गुन्हेगार ठरला आणि ज्याने गाडी भरून लाकूड नेले तो मक्तेदार ठरला. पुढे कितीतरी वर्षे कातकरी कुटुंबे कोळशाच्या भट्ट्यांवर राबत राहिली. आपल्याच रानाचा कोळसा करण्याची मजुरी त्यांच्या वाट्याला आली.

शिडी घाटाची चढण दोन-अडीच तासांची. ती संपली की एक पठार लागते. येथे दोन्ही घाटांच्या वाटा एकत्र येतात. विहीर आहे, झाडाची सावली आहे, आणि यात्रेच्या दिवसांत ताक-सरबत मिळण्याची आशा असते. मागे वळून पाहिले की पदरगड दिसतो. त्याला चिकटून उभ्या असलेल्या सुळक्याला लोक कलावंतिणीचा महाल म्हणतात. दूरवर पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड, कोकणावर पहारा करीत बसलेला दिसतो. उत्तरेला सिद्धगडाचा डोंगर.

सिद्धगडाचे नाव निघाले की या मुलुखातील माणूस क्षणभर गप्प होतो. इ. स. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी आपल्या साथीदारांसह भूमिगत दस्ता उभारला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचे काम या दस्त्याने केले. पाठलाग सुरू झाला तेव्हा त्यांनी या डोंगरातील दाट रानाचा आसरा घेतला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हे दोघे वीर तेथे धारातीर्थी पडले. कोतवालांचे वय त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते. दर वर्षी त्या तारखेला सिद्धगडला माणसे जमतात. भीमाशंकरच्या वाटेवरचा प्रवासी जे रान पाहतो तेच रान पुढे सिद्धगडाला भिडलेले आहे.

या रानाने त्याआधीही अनेकांना लपविले होते. महादेव कोळ्यांचे बंडकरी राघोजी भांगरे यांनी सावकार व सरकार या दोघांविरुद्ध शस्त्र उचलले. सह्याद्रीत असेपर्यंत ते हाती लागले नाहीत. अखेर वारकऱ्यांच्या मेळ्यात पंढरपूरला गेले असता तेथे पकडले गेले आणि इ. स. १८४८ च्या मे महिन्यात ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. भीमाशंकरला उगम पावणाऱ्या नदीच्याच काठी, परंतु झाडीविना, ते शत्रूच्या हाती पडले. त्यांच्यानंतर जांभोरीचे होन्या भागोजी केंगले यांनी याच आंबेगावच्या डोंगरात सावकारांच्या वह्या व खते यांचा समाचार घेतला. ते १८७६ साली पकडले गेले.

पठारावरून पुढची चढण दीड-दोन तासांची, आणि येथून खरे रान सुरू होते. पायथ्याला उन्हाने भाजलेला माणूस अचानक सावलीत शिरतो. अंजनी, जांभूळ, आंबा, पारजांभूळ अशी सदाहरित झाडे एकमेकांत फांद्या गुंतवून उभी आहेत. खोडावर शेवाळ, फांद्यांवर आमरी, आणि मनगटाएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. गारंबीच्या हातभर लांब शेंगा लोंबताना दिसल्या की नव्या माणसाला त्या खऱ्या वाटत नाहीत. ऐन दुपारीही येथे पानांतून गाळून आल्यासारखा उजेड असतो. शीळकरी कस्तुराची शीळ ऐकली की कोणी गुराखी पोर शीळ घालीत आहे असे वाटून माणूस हाक मारतो. पावसाळ्यातील अंधाऱ्या रात्री कुजलेल्या लाकडावरची बुरशी फिक्या हिरव्या उजेडाने चमकते. पूर्वी तो देवाचा उजेड समजत असत. आता त्याचे शास्त्रीय कारण कळले आहे, तरी पाहणारा थबकतो तो थबकतोच.

वाटेच्या कडेला कारवी दाटलेली असते. ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, एकदम सगळा डोंगर जांभळा होतो, आणि फुलून बी धरले की ते झुडूप मरते. वाळलेल्या कारवीच्या काठ्या डोंगरातील घराच्या कुडाला लागतात. कारवी विणायची, शेणमातीने लिंपायची, की भिंत तयार. हिरड्याचे तसेच. उन्हाळ्यात झाडावरचा कोवळा बाळहिरडा काढून वाळवायचा आणि बाजारात द्यायचा. आंबेगाव, जुन्नर, अकोले भागातील कितीतरी कुटुंबांच्या हाती वर्षातून एकदा रोख पैसा येतो तो या फळामुळे. ज्या झाडाचे फळ दर वर्षी पैसा देते त्यावर माणूस कुऱ्हाड घालीत नाही. जंगल राखण्याचे हे गणित कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाहून सोपे आहे.

या रानाचा राजा म्हणजे शेकरू. तांबूस पाठीची, झुबकेदार लांब शेपटीची ही मोठी खार आता महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. उंच झाडांच्या शेंड्याशी काटक्या व पाने यांचे घरटे बांधते, तेही एक नव्हे, अनेक. शत्रू आला तर या झाडावरून त्या झाडावर झेप घ्यायची हा तिचा बचाव. त्यामुळे झाडांचे माथे एकमेकांना लागलेले असतील तेथेच ती जगते. मध्ये रुंद रस्ता गेला, दहा झाडे पडली, की शेकराच्या दृष्टीने तो मुलूख तुटला. इ. स. १९८५ साली या परिसराला अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले, त्यामागे शेकराचे रक्षण हे मोठे कारण होते. पुणे, रायगड व ठाणे या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र आहे. रानातली गावे व वाड्याही त्या हद्दीत आल्या, आणि लाकूडफाटा, गुरचराई, हिरडा यांवरून गावकरी व वनखाते यांच्यात कुरबुरी सुरू झाल्या, त्यात नवल नाही.

परंतु १९८५ च्या आधी हे रान कोणी राखले? त्याचे उत्तर देवरायांत आहे. डोंगरातील गावोगावच्या देवाच्या नावे राईचा तुकडा सोडलेला असे. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, जळण आणायचे नाही, काही ठिकाणी तर पडलेले पानही उचलायचे नाही. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील अशा देवरायांचा अभ्यास केला. भोवतालचा डोंगर बोडका झाला तरी जुनी दुर्मिळ झाडे देवराईत टिकून राहिली, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच सुमारास रायगड जिल्ह्यातच, तेव्हाच्या कुलाब्यात, श्रीवर्धनजवळील गाणी गावाच्या काळकाईच्या राईवर तोडीचे संकट आले होते. गावकऱ्यांनी या अभ्यासकांना पत्र पाठवून मदत मागितली. आमचा ओढा या राईतून येतो, राई गेली की पाणी गेले, असे त्यांचे म्हणणे होते. ती राई वाचली. हे सांगणारे कोणी पंडित नव्हते, शेतकरी होते.

देऊळ व राई यांचे नाते सांगताना एक गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. पूर्वीच्या रिवाजानुसार राईतील लाकूड घ्यायला एकच सबब चाले, ती देवळाच्या दुरुस्तीची. त्यासाठीही देवाला कौल लावावा लागे, आणि कौल मिळाला तर लागेल तेवढेच झाड, तुळईपुरते किंवा खांबापुरते. पुढे सिमेंट व लोखंड आले. ते विकत आणावे लागते, त्याला रोकड लागते, आणि ती उभी करण्यासाठी सह्याद्रीत अनेक गावांनी देवराईच विकली. देऊळ पक्के झाले आणि देव उन्हात आला. ज्या गावांनी वर्गणी काढली, चाकरमान्यांकडे मुंबईला खेपा घातल्या, दारोदार पावत्या फाडल्या, परंतु राईला हात लावला नाही, त्या गावांच्या देणगीदारांनी नुसते देऊळ बांधले नाही, झाडेही राखली. पाटीवर कोरलेल्या रकमेत हा हिशेब दिसत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितला.

रान संपते आणि माथा लागतो. डाव्या-उजव्या बाजूला कड्याची धार, समोर नागफणीचे टोक. खांडसहून पाहता हा डोंगर फणा काढलेल्या नागासारखा दिसतो. येथून कोकणचा सगळा तळ उघडा पडतो. या धारेवर पडलेले पावसाचे पाणी दोन वाटांनी जाते. पश्चिमेकडे पडले ते कड्यावरून कोकणात उतरते व अरबी समुद्राला मिळते. पूर्वेकडे हातभर अंतरावर पडले ते भीमेत जाते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेते, पुढे कृष्णेला मिळून थेट पूर्व समुद्र गाठते. कोकणातला भाविक पंढरीच्या पाण्याचा उगम पाहायला घाट चढतो, असेही या यात्रेचे वर्णन करता येईल.

देवळाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, ते सर्वांनी पाहिले आहे. त्रिपुरासुराचा वध करून श्रीशंकर येथे विसावले आणि त्यांच्या घामाच्या धारांतून भीमा नदी झाली, ही कथा प्रसिद्धच आहे. त्याहून या रानाला साजेशी दुसरी एक कथा आहे. भातीराव लाखधारा नावाचा लाकूडतोड्या येथे झाड तोडीत होता. कुऱ्हाडीचा घाव बसताच बुंध्यापासून रक्त वाहू लागले. लोक गोळा झाले, कोणी तेथे दुभती गाय आणली, तिच्या दुधाने रक्त थांबले आणि त्या जागी लिंग प्रकट झाले. आख्यायिकेत तारीख-वार शोधू नये. पण या क्षेत्राची कथा झाडावर घातलेल्या घावापासून सुरू होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी पूजाअर्चेसाठी खरोशी गाव दिले असे परंपरा सांगते. शिखराचे काम नाना फडणीस यांच्या नावाने ओळखले जाते. देवळासमोर टांगलेली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी इ. स. १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली त्या विजयाची खूण होय. ती मूळची ख्रिस्ती देवळातली. अशा वसईच्या घंटा महाराष्ट्रात आणखीही काही देवळांत आहेत. मोटार नव्हती त्या काळी दगड, चुना, धातू, धान्य जे काही येथे आले ते माणसांच्या खांद्यावर आणि जनावरांच्या पाठीवर आले, एवढे आठवून घंटेकडे पाहिले म्हणजे तिचे वजन निराळे वाटते.

वेळ असेल तर पूर्वेला रानात गुप्त भीमाशंकरपर्यंत जाऊन यावे. मात्र फेरी त्याच दिवशी पुरी करायची तर दुपारी दोनच्या पुढे माथ्यावर रेंगाळू नये. रानात अंधार घड्याळाआधी पडतो.

उतरण गणेश घाटाने. पठारापर्यंत वाट तीच, पुढे ती पदरगडाच्या पायथ्याला वळसा घालून जाते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, पण वाट रुंद व मळलेली आहे. चढताना ज्या उतारांकडे पाहायला उसंत नव्हती ते आता समोर येतात. काही अंग झाडांनी झाकलेले आहे, काही अंग सोलून काढल्यासारखे उघडे. उघड्या अंगावर पावसाने पाडलेल्या घळी दिसतात. या दृश्याला गेल्या काही वर्षांत नवा अर्थ आला आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालील ठाकरांच्या इर्शाळवाडीवर तोच प्रसंग आला. दोन्ही ठिकाणी आधी मुसळधार पाऊस झाला होता. डोंगर कोसळण्याची कारणे एकच नसतात. खडक, माती, उताराची छेड, पाण्याचा निचरा, सगळे मिळून ते घडते. परंतु या दोन्ही गावांनंतर डोंगरकुशीतील वाडीवस्तीवर पावसाळी रात्री माणसे जागी राहू लागली. वरच्या अंगाचे रान हा केवळ लाकडाचा व शोभेचा विषय राहिला नाही.

गणपतीचे लहानसे देऊळ आले की घाटाचा शेवट जवळ आला असे समजावे. वर जाणारा येथे नारळ ठेवतो, उतरणारा पायातला काटा काढायला बसतो. महाशिवरात्रीच्या दिवशी या ठिकाणी वर जाणारी व खाली येणारी माणसे एकमेकांना भेटत. वरून येणारा प्रसादाची पुडी सोडून चिमूटभर हातावर ठेवी. ज्यांना वय झाल्यामुळे वर जाणे जमत नसे अशी म्हातारी माणसे येथपर्यंतच येत, वरून येणाऱ्याच्या पाया पडत आणि तेवढ्यावर यात्रा झाली असे मानून परत जात. पुढे तासाभराची सपाट वाट. भाताची मोकळी खाचरे, गुरांची घंटी, आणि मागे काळा पडत चाललेला नागफणीचा डोंगर. खांडसच्या घरांतून दिवे लागलेले असतात.